तपकिरी पाण्याचा खुलासा

सर चिडले होते. हे वाक्य वर्षाच्या कुठल्याही दिवशी लिहिलं तरी खरं ठरलं असतं, पण त्या मंगळवारी ते जरा जास्तच खरं होतं. सकाळी सव्वासात वाजता गाडीचं बॉनेट उघडून, चष्मा कपाळावर चढवून ते एका प्लास्टिकच्या टाकीकडे रोखून बघत होते. वर्गात शेवटच्या बाकाकडे ते असेच बघायचे. टाकीतलं पाणी तपकिरी झालं होतं. हलकंसं पिवळट वगैरे नाही; गंजक्या बादलीत आठवडाभर राहिलेल्या पाण्यासारखं, तळाशी गाळ धरलेलं.

"पुन्हा झालं?" बायकोनं खिडकीतून विचारलं.

"पुन्हा कसलं? कालचंच आहे," सर खेकसले. आपण कालपासून हरतो आहोत, नव्यानं हरलेलो नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. बायकोनं खिडकी लावून घेतली.

ही टाकी ज्या डब्याला जोडलेली होती, त्या डब्याबद्दल थोडं सांगायला हवं. सरांनी सांगितलं असतं तर पूर्ण तास गेला असता, आपण चार वाक्यांत उरकू. स्टीलच्या पातळ पट्ट्या एकमेकींना न चिकटवता एका डब्यात उभ्या करायच्या. त्यात कॉस्टिक पोटॅश विरघळवलेलं शुद्ध पाणी भरायचं आणि गाडीच्या बॅटरीची वीज सोडायची. पाण्यातून हायड्रोजन सुटतो, तो नळीनं इंजिनात जातो. मग गाडी कमी पेट्रोलवर जास्त धावते, असं हे डबे विकणारे म्हणतात. सर एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. असला डबा विकत घेणं त्यांना अपमानाचं वाटलं, म्हणून त्यांनी तो स्वतः बनवला.

पण गाडी बायकोची होती. हे तिनं डबा बसवण्याआधी एकदा, बसवताना दोनदा आणि बसवल्यानंतर रोज सांगितलं होतं. ती फिजिओथेरपिस्ट. कुणाचा खुबा मोडलेला, कुणाचा खांदा आखडलेला, अशा म्हाताऱ्या माणसांकडे ती घरोघरी जायची. गाडीत तिचं घडीचं टेबल असायचं आणि वजनांची पिशवी असायची. गाडीच्या योग्यतेचा दाखला महिनाअखेरीला संपत होता. तपासणीत गाडी नापास झाली, तर टेबल घेऊन बसनं फिरायची वेळ येणार होती.

"आणि ते टेबल उचलायला तुम्ही यायचं माझ्याबरोबर," तिनं बजावलं होतं. "रोज. बिनपगारी रजा घेऊन."

डबा काढून टाकला असता तर प्रश्न दहा मिनिटांत मिटला असता. हे बायकोनं सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, लांबच्या शहरात वकिली करणाऱ्या मुलीनं फोनवर सांगितलं.

"बाबा, काढून टाका ना तो डबा."

"तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही कळत," मुलगी म्हणाली. "आईला द्या फोन."

मुलीशी त्यांचं बोलणं साधारण एवढंच व्हायचं. सर डबा काढायला तयार नव्हते, कारण एकतीस वर्षांत रसायनशास्त्रात त्यांना कुणी खोटं पाडलेलं नव्हतं. मुख्याध्यापक बदलले, पाठ्यपुस्तकं बदलली, सर बदलले नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना, तेही पाण्याकडून, त्यांना हार मान्य नव्हती. पाण्याचा गुन्हेगार शोधायचा, त्याला धडा शिकवायचा आणि त्याच डब्यासकट गाडी पास करून आणायची, असं त्यांनी ठरवलं.

गुन्हेगार शोधायला माणसं कमी पडली नाहीत. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मोजमापाचा चिमटा असायचा आणि सगळी इमारत त्यांना मिलिमीटर म्हणायची. ते न बोलावता खाली आले. कुणाचंही बॉनेट उघडलेलं त्यांना चौथ्या मजल्यावरून ऐकू येतं. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढून एका जादा पट्टीला लावलं. ते टपकन चिकटलं.

"स्टील भिकार आहे. गंज न धरणाऱ्या चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही," मिलिमीटर आनंदानं म्हणाले. दुसऱ्याचं काहीतरी भिकार निघालं की त्यांना भूक चांगली लागायची.

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तडक पट्ट्या कापून देणाऱ्या फॅब्रिकेटरकडे गेले. त्याच्या दुकानात तीन गिऱ्हाईकं बसली होती. त्यांच्यादेखत सरांनी त्याला प्रामाणिकपणावर व्याख्यान दिलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हातातला हातोडा बाजूला ठेवून तो म्हणाला, "सर, मी चांगल्या स्टीलचं सांगितलं होतं. तुम्हीच म्हणालात, मला शिकवू नकोस."

हे खरं होतं, त्यामुळे सर आणखी चिडले. पण त्यानं नवीन, चांगल्या स्टीलच्या पट्ट्या कापून दिल्या. चुंबक लावलं, चिकटलं नाही. सरांनी डबा धुतला, शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी भरलं आणि विजयी मुद्रेनं बॉनेट आपटलं. दोन दिवसांनी पाणी पुन्हा तपकिरी.

मग संशय कॉस्टिक पोटॅशवर गेला. "तुमचा माल भेसळीचा आहे," सरांनी रसायनांच्या दुकानदाराला ऐकवलं. दुकानदार थंड डोक्याचा माणूस होता. जास्त शुद्ध माल आहे, पण तो संस्थेच्या पत्राशिवाय मिळत नाही, असं त्यानं सांगितलं. पत्रावर संस्थाप्रमुखाची सही हवी आणि मालाचा उपयोग कशासाठी, तेही लिहिलेलं हवं. सर मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले.

"उपयोग काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"विद्युत अपघटन."

"कोणत्या इयत्तेसाठी?"

सरांना खोटं बोलता येत नाही. निदान सगळ्यांना ते तसं सांगतात. ते म्हणाले, "गाडीसाठी."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. शेवटी सरांनी मिलिमीटरच्या भाच्याच्या कारखान्याचं पत्र आणलं, त्यासाठी मिलिमीटरच्या घरी बसून दोन तास त्यांच्या नोकरीच्या आठवणी ऐकल्या आणि शुद्ध माल मिळवला. तीन दिवसांनी पाणी पुन्हा तपकिरी. या वेळी फेससुद्धा आला.

आता उरली वीज. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियननं डब्यात वाकून पाहिलं. करंट फार जातोय, असं म्हणून त्यानं चार वायरी तोडल्या आणि सहा जोडल्या. त्या दिवसापासून ब्रेक दाबला की वायपर फिरायला लागले. रणरणत्या उन्हात, कोरड्या काचेवर करकर वायपर फिरवत बायको पेशंटच्या दारात जाऊन उभी राहिली. खुबा मोडलेल्या आजोबांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग त्यांनी आपल्या सुनेला हाक मारली. बायको तशीच घरी आली. तिनं घडीचं टेबल बाहेर काढलं आणि सरांच्या खुर्चीला टेकवून ठेवलं. सर रोज ते ओलांडून ये-जा करू लागले.

त्यातच सरांच्या हातून तपकिरी पाण्याची बाटली निसटली आणि आवारातल्या दोरीवर वाळणाऱ्या शेजारणीच्या चार पांढऱ्या चादरींवर नकाशे उमटले. शेजारीण जे बोलली ते छापता येण्यासारखं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीनं फलकावर सूचना लावली, की आवारात रंगीत पाणी सांडणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल. सरांनी त्या सूचनेतल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या. त्यामुळे जी थोडी सहानुभूती उरली होती, तीही गेली.

आणि तपासणीचा दिवस आला. निम्मा महिना लोकांशी भांडण्यात गेला होता. सर डब्यासकट गाडी घेऊन गेले. तपासणी अधिकारी तिशीतला, झोप न झालेला माणूस होता. त्यानं दिवे पाहिले, चाकं पाहिली, ब्रेक दाबला. वायपर फिरले. त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा फिरले. मग त्यानं बॉनेट उघडलं.

"हे काय आहे?"

"हायड्रोजनचा घट," सर अभिमानानं म्हणाले.

"फॉर्ममध्ये याचा रकाना नाही." अधिकारी टाकीजवळ नाक नेऊन म्हणाला, "पाणी असं का आहे?"

"त्याचा शोध चालू आहे."

"म्हणजे गाडीत काय चाललंय ते तुम्हालाच माहीत नाही."

एकतीस वर्षांत हे वाक्य सरांनी हजारो मुलांना ऐकवलं होतं. ते स्वतःला ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांचे कान लाल झाले. "मी रसायनशास्त्राचा शिक्षक आहे!" ते ओरडले. रांगेतले सगळे वळून बघायला लागले.

"मग तर बरंच झालं," अधिकारी म्हणाला. "डबा काढा, वायरिंग सरळ करा आणि पाण्याचा रंग का बदलला याचा लेखी खुलासा आणा. नेमक्या कारणासकट. अशा डब्याची गाडी कारण न समजता सोडली आणि उद्या काही झालं, तर मला विचारतील. शुक्रवारपर्यंत आणा. नाहीतर दाखला नाही."

सर घरी आले ते फुरफुरत. बायकोनं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर शुक्रवारभोवती गोल काढला. पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत ती तो गोल गिरवत राहिली.

बुधवारी शाळा सुटल्यावर सर प्रयोगशाळेत बसले. खुलासा असा लिहायचा, की फॅब्रिकेटर, दुकानदार आणि इलेक्ट्रिशियन या तिघांनाही तोंड दाखवायला जागा राहू नये, असा त्यांचा बेत होता. त्यांनी परीक्षानळ्या मांडल्या. एकीत पट्टीचा कीस, एकीत पोटॅश, आणि एकीत नुसतं पाणी. पाणी अर्थातच खिडकीतल्या त्या मोठ्या कॅनमधलं, ज्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात 'ऊर्ध्वपातित जल' असं लिहिलं होतं. म्हणजे वाफ करून पुन्हा गार केलेलं, ज्यात पाण्याशिवाय दुसरं काहीही नाही असं पाणी. डब्यातही पहिल्या दिवसापासून हेच जात होतं. नुसत्या पाण्याची नळी तपासायची ती केवळ रीत म्हणून. ही रीत सर मुलांकडून करवून घ्यायचे, स्वतः त्यांनी ती कित्येक वर्षांत केली नव्हती.

त्यांनी त्या नळीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. शुद्ध पाण्यात काही होत नाही, क्षार असतील तर पाणी दुधट होतं. पाणी दुधट झालं.

सर नळीवर चिडले. ती धुऊन पुन्हा केलं, दुधट. दुसरी नळी घेतली, दुधट. सिल्व्हर नायट्रेटची नवी बाटली फोडली, पुन्हा दुधट.

"मामा!" सर इतक्या जोरात ओरडले की कपाटाची काच थरथरली.

प्रयोगशाळेचे शिपाईमामा झाडू हातात घेऊन आले. सर या शाळेत आले त्याच वर्षी तेही आले होते.

"या कॅनमधलं पाणी कुठलं?"

"नळाचं," मामा म्हणाले. एखादी फार साधी गोष्ट कुणी विचारावी, तसं त्यांना वाटलेलं दिसत होतं.

"आणि ऊर्ध्वपातनाचं यंत्र?"

"ते बंद आहे ना सर. अठरा वर्षं झाली."

"अठरा वर्षं! आणि मला सांगायची अक्कल नव्हती तुम्हाला?"

मामांनी झाडू भिंतीला टेकवला. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी एक फाईल काढली आणि धूळ न झटकताच टेबलावर आपटली. आत तीन अर्ज होते. यंत्र नादुरुस्त आहे, दुरुस्त करून मिळावं, असे. प्रत्येकावर लाल शाईत सरांचं अक्षर होतं. 'अर्ज विहित नमुन्यात नाही. परत.' 'समास सोडलेला नाही. परत.' 'विषय अधोरेखित करा. परत.'

"मग चौथा का नाही केलात?"

"पट्टी नव्हती माझ्याकडे रेघ मारायला," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, आणि तो चढलेला सर पहिल्यांदाच ऐकत होते. "तीनदा लिहिलं, तीनदा तोंडावर मारलंत. परत तोंडी सांगायला आलो, तर म्हणालात लेखी द्या. मग काय करू? तुम्हाला कॅन भरलेला पाहिजे होता, मी भरत होतो."

"पण मुलांचे प्रयोग? कुणाला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही निरीक्षण आधीच फळ्यावर लिहून देता. ते सोडून नळीकडे कोण बघतंय? एकीनंच बघितलं होतं."

"कोणी?"

मामांनी झाडू पुन्हा हातात घेतला. "तुमच्याच मुलीनं," ते म्हणाले आणि निघून गेले.

सरांना आठवलं. नको इतकं नीट आठवलं. नववीचा वर्ग, हीच खिडकी. मुलीच्या प्रयोगवहीत लिहिलेलं होतं, की नुसत्या पाण्यातसुद्धा दुधट रंग आला. सरांनी त्यावर फुली मारली होती. ती ऐकेना, तेव्हा तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आपल्याच मुलीला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून इतरांपेक्षा जरा जास्त वेळ. त्यानंतर वर्षभरात तिचं विज्ञान सुटलं. तिला प्रयोगाची गोडीच नव्हती, असं सर नातेवाइकांना सांगत आले होते.

त्यांनी तिथूनच तिला फोन लावला. अशा अवेळी वडिलांचा फोन पाहून ती घाबरली.

"आईला काय झालं?"

"आई बरी आहे. प्रयोगशाळेतल्या पाण्यात क्षार आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दुधट झालं?" तिनं विचारलं.

"हो."

"किती वेळा करून पाहिलंत?"

"चार वेळा."

"मी पाच वेळा केलं होतं." तिचा आवाज अजून शांत होता, पण तो तसा फार वेळ राहिला नाही. "पाच वेळा, बाबा! प्रत्येक वेळी नळी धुऊन. आणि तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात, सरांची मुलगी म्हणून तुला वेगळं दिसतं का? वीस वेळा लिहायला लावलंत, काही बदल झाला नाही, काही बदल झाला नाही. मी लिहिलं. समोर पाणी पांढरं दिसतंय आणि मी लिहितेय काही बदल झाला नाही! तुम्हाला माहितीये, त्यानंतर मला नळीत काय दिसतंय ते लिहायची भीतीच वाटायला लागली? मला रसायनशास्त्र आवडत होतं. तुमच्यामुळेच आवडत होतं. आणि तुम्ही सगळीकडे सांगत फिरता की हिला गोडी नव्हती!"

आवाज खाली, हे शब्द सरांच्या जिभेवर आले. ते त्यांनी गिळले. राग तर आला होताच, पण या वेळी तो टाकायला दुसरं कुणी सापडत नव्हतं. फॅब्रिकेटर निर्दोष, दुकानदार निर्दोष, मामा तर तीनदा निर्दोष. सरांना स्वतःची लाज वाटली आणि ती त्यांना सहन होईना.

"मी काय करू आता?" त्यांनी विचारलं.

"लेखी द्या," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

गुरुवारी सरांनी डबा उतरवला, इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग सरळ करून घेतलं, त्याचा, फॅब्रिकेटरचा आणि रसायनांच्या दुकानदाराचा रागही अंगावर घेतला. शेजारणीला नव्या चादरी नेऊन दिल्या, त्या तिनं दार अर्धंच उघडून घेतल्या. शुक्रवारी ते खुलासा घेऊन अधिकाऱ्यासमोर उभे राहिले. अधिकाऱ्यानं तो मोठ्यानं वाचायला घेतला.

"'पाण्याचा रंग बदलण्यास पट्ट्या, पोटॅश, वायरिंग अथवा ती कामे करणाऱ्या व्यक्ती कारणीभूत नाहीत. वापरलेले पाणी शुद्ध नसून नळाचे होते. त्यातील क्षारांनी स्टील खाल्ले व गंज पाण्यात उतरला. सदर पाणी शुद्ध नाही, हे इयत्ता नववीच्या एका विद्यार्थिनीने सतरा वर्षांपूर्वी पाच वेळा प्रयोग करून दाखवले होते. तिचे निरीक्षण अचूक होते. ते मी खोडले व तिला शिक्षा केली. चूक सर्वस्वी माझी आहे.'" अधिकाऱ्यानं मान वर केली. "खाली लिहिलंय, प्रत कन्येस माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी. यांचा या गाडीशी संबंध काय?"

"गाडीशी नाही," सर तुटकपणे म्हणाले. "पाण्याशी."

अधिकाऱ्यानं खुलासा फाईलला लावला. मग त्यानं शिक्का मारला. गाडीचा दाखला घेऊन सर घरी आले, तेव्हा बायकोनं सरांच्या खुर्चीला टेकवलेलं टेबल उचललं आणि गाडीत ठेवलं. खुलाशाची प्रत तिनं आधीच वाचली होती. त्या रात्री तिनं सरांना जेवायला दोनदा हाक मारली.

पुढच्या गुरुवारी उत्तर आलं. वकिलीच्या छापील कागदावर, टाईप केलेलं, खाली सही.

'आपला खुलासा मिळाला. तो वाचला असता समाधानकारक वाटत नाही. सबब रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या राहत्या घरी समक्ष हजर राहावे. आम्हांस बरेच बोलायचे असून सुनावणी एका दिवसात संपेल असे वाटत नाही. येताना कपड्यांचा एक जोड जादा आणावा.'

सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. मग कपाटावरची पिशवी खाली काढली.

"गाडी मिळणार नाही," बायको आतून म्हणाली. "शनिवार-रविवार माझे पेशंट आहेत. बसनं जा."

"मागितलीय कुणी तुझी गाडी?" सर ओरडले आणि त्यांनी पिशवीत दोन जोड जादा भरले.